आई-वडिलांचं वय आणि मुलाचं बालपण: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक शाळांत मी शिकवलं आहे. पालकसभेत हजेरी, शिष्यवृत्ती, गणवेश हे सगळं सगळ्यांदेखत विचारून होतं. वयाचा प्रश्न मात्र गर्दी पांगल्यावर निघतो. "बाई, आम्हाला हा फार उशिरा झाला, त्याचं त्याला काही वाटत असेल का?" किंवा "मी तेव्हा एवढीशी होते हो, मला काय कळत होतं?" असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधपाण्याच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. बाकीचं मी वर्गात आणि घरोघरी पाहिलेलं आहे.

मूल होण्याचं योग्य वय नेमकं कोणतं?

शरीरापुरतं बोलायचं तर विशी ओलांडल्यापासून पस्तिशीच्या आतला काळ आईला सर्वांत सुखाचा. विशीच्या आत रक्त कमी असणं, कमी वजनाचं बाळ, अडलेलं बाळंतपण हे धोके जास्त. पस्तिशीनंतर रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह आणि बाळाच्या गुणसूत्रांतले दोष वाढतात. एवढं कोणतेही डॉक्टर सांगतील.

पण मूल काही एकट्या आईच्या वयात वाढत नाही. ते बापाच्या, आजीच्या, काकाच्या आणि थोरल्या बहिणीच्या वयातही वाढतं. आई २२ची, सासू ४२ची, घरात लग्नाचे दोन काका, हे एक घर झालं. आई ३८ची, वडील ४३चे, आजी ७५ची आणि तीही अंथरुणाला खिळलेली, हे दुसरं. पहिल्या घरात मुलाला उचलायला सहा हात आहेत आणि निर्णय घेणारी आई अजून स्वतःच घडते आहे. दुसऱ्या घरात आई-वडील विचाराने पक्के आहेत, पण त्यांच्या एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला म्हातारपण एकाच वेळी उभं आहे. लोक आईचं वय विचारून थांबतात. मी सगळ्या घराची वयं विचारते, कारण मुलाच्या वाट्याला काय येणार ते तिथे समजतं.

पस्तिशीनंतर बाळात दोष असण्याची भीती किती खरी आहे?

भीती खरी आहे, पण तिचा आकार नीट माहीत असावा. डाऊन सिंड्रोम या गुणसूत्रांतल्या दोषाचं उदाहरण घेऊ. आई २५ वर्षांची असताना साधारण १२५० बाळांत १, ३५ व्या वर्षी साधारण ३५० त १, चाळिशीला १०० त १ आणि ४५ व्या वर्षी ३० त १, असं हे प्रमाण चढत जातं. म्हणजे चाळिशीतल्या आईच्याही १०० पैकी ९९ बाळांत हा दोष नसतो. दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तरुण आयांची बाळंतपणं संख्येने खूप जास्त असल्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. तेव्हा ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी विशीतल्या सुनेचीही करून घ्या. "ती लहान आहे, तिला कशाला" असं म्हणून टाळू नका.

सगळे आईचंच वय काढतात. वडिलांच्या वयाचा काहीच संबंध नाही?

आहे. आईची बीजांडं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पुरुषाच्या शरीरात मात्र शुक्राणू आयुष्यभर नव्याने बनत राहतात आणि दर वेळी नक्कल उतरवताना थोड्या चुका होतात. आइसलँडमधल्या कुटुंबांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांचं वय एक वर्षाने वाढलं की मुलात उतरणाऱ्या नव्या जनुकीय बदलांत साधारण दोनाची भर पडते, असं त्यात दिसलं. यांतले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. तरीही "पुरुषाला वय नसतं" हे आपल्याकडचं बोलणं चुकीचं आहे. त्याचा सगळा भार सुनेच्या डोक्यावर पडतो, म्हणून मला ते जास्त खटकतं.

आई-वडिलांचं वय मुलांना कधी कळायला लागतं?

आकडा म्हणून फार उशिरा. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना मुलांशी बोलताना आढळलं की साधारण सात वर्षांच्या आतली मुलं उंचीलाच वय समजतात. जो उंच तो मोठा, आणि उंची वाढायची थांबली की वयही थांबलं. पहिलीच्या वर्गात हे मी नेहमी ऐकते. "मामा आईपेक्षा मोठा आहे," असं मूल ठामपणे सांगतं. मामा असतो आईच्या पाठचा, पण अंगाने उभा आणि धिप्पाड! या वयाच्या मुलाला आपले वडील ३० चे की ५० चे, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तिसरी-चौथीत चित्र बदलतं. मूल मित्राच्या घरी जाऊन येतं, तिथले पप्पा गच्चीवर पतंग उडवताना बघतं आणि तुलना सुरू होते. ही तुलनाही आकड्यांची नसते. पप्पा जमिनीवर बसले की उठताना हात टेकतात का, आई सहलीला अजिंक्यताऱ्याची चढण चढू शकते का, आणि गणपतीच्या मिरवणुकीत वडील नाचतात की कडेला उभे राहतात, हे ते टिपतं. त्यामुळे ४५ वर्षांचे पण रोज शेतात राबणारे वडील मुलाला तरुण वाटतात आणि ३२ वर्षांचे, कामावरून आल्यावर मोबाईल घेऊन पडून राहणारे वडील म्हातारे.

शाळेच्या गेटवर मुलाच्या मित्रांनी "तुझे आजोबा आलेत" म्हटलं. तेव्हापासून तो मला न्यायला येऊ नका म्हणतो. काय करू?

येत राहा, एवढं पहिलं उत्तर.

हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांचा आवाज नेहमी खाली आलेला असतो आणि मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. कारण बहुतेक वेळा या मुलाची वाट त्यांनी बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षं पाहिलेली असते. दवाखाने झालेले असतात, नवस झालेले असतात. ज्या मुलासाठी एवढं केलं त्यानेच गेटवर तोंड फिरवलं की ते लागतंच.

मुलाच्या बाजूने बघा. त्याला तुमची लाज वाटत नाही. वर्गात आपण वेगळे दिसतो, याचा त्याला त्रास होतो. जाड चष्मा असलेल्या, तोतरं बोलणाऱ्या, वडील नसलेल्या मुलांनाही हाच त्रास होतो. अशा वेळी त्याच्या हातात एक सरळ वाक्य द्या. "आजोबा नाहीत, माझे पप्पा आहेत. मी त्यांना उशिरा झालो." हे घरी दोन-चारदा म्हणून घ्या. वाक्य तयार असलं की मूल गोंधळत नाही आणि समोरच्या पोरांचाही उत्साह मावळतो. त्याला त्याच्या जन्माची गोष्टही सांगा. किती वाट पाहिली, बारशाला कोण कोण आलं होतं, आत्याने कानात नाव सांगताना काय गंमत झाली, सगळं. उशिरा झालेल्या मुलाला आपण उरलेसुरले आहोत असं वाटू नये. आपली वाट पाहिली गेली, हे त्याला माहीत असावं.

शिक्षकांनाही माझं सांगणं आहे. मुलाला न्यायला आलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसाला "आजोबा" म्हणून हाक मारू नका. "आपण कोण?" असं विचारा.

मुलासाठी केस काळे करावेत का?

स्वतःला आवडत असेल तर जरूर करा. मुलासाठी म्हणून करू नका. पप्पा काहीतरी लपवत आहेत एवढं त्याला कळतं, आणि लपवण्यासारखं काही आहे असं ते धरून चालतं.

मला विसाव्या वर्षी मूल झालं. ते सासूबाईंना "आई" म्हणतं आणि मला "वहिनी". ते मला आई मानतच नाही का?

मानतं. आपल्याकडच्या मळ्यातल्या, वस्तीवरच्या एकत्र घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. घरातले दीर तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव मूल उचलतं. आज साठी-सत्तरीत असलेली कितीतरी माणसं जन्मदात्या आईला वहिनी, आक्का किंवा बाई म्हणत वाढली आणि वडिलांना दादा, आण्णा किंवा तात्या. आपली आई कोण, याबद्दल त्यांच्या मनात कधीच गोंधळ नव्हता.

तुमच्या मनातलं दुःख मात्र वेगळं आहे आणि ते खोटं नाही. वीस वर्षांच्या सुनेला बाळाच्या बाबतीत काही विचारलंच जात नाही. घुटी कधी द्यायची, बालवाडीत कधी घालायचं, ताप आला तर कऱ्हाडला न्यायचं की गावातच दाखवायचं, हे सासू ठरवते. सासूही पुष्कळदा ४० ते ४५ चीच असते, अंगात जोर असतो आणि बाळाची हौस असते. तिच्याशी भांडून हे सुटत नाही. एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या आणि ते सोडू नका. दप्तर भरणं घ्या, रात्री गोष्ट सांगणं घ्या किंवा शाळेची पालकसभा घ्या. पालकसभेला नवऱ्याला किंवा दिराला न पाठवता स्वतः येणाऱ्या तरुण आया मला आठवतात. दोन वर्षांत त्यांच्या मुलांच्या तोंडी "आई म्हणाली" हे वाक्य येतं.

लवकर आई झालेल्या बाईजवळ पुढची वर्षं शिल्लक असतात. मूल दहा वर्षांचं होतं तेव्हा ती तिशीत असते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं शिक्षण त्यातून पुरं करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. एकाच कंदिलाखाली, पुढे एकाच ट्यूबखाली, मुलगी पाढे पाठ करते आणि आई पदवीची पुस्तकं वाचते. अशा घरातली मुलगी अभ्यासाला बस म्हणून कुणी सांगायची वाट बघत नाही.

माझा मुलगा आणि माझा सर्वांत धाकटा भाऊ एकाच वर्गात आहेत. यात काही अडचण?

अजिबात नाही. मायलेकींची बाळंतपणं एका वर्षात होणं आता कमी झालं आहे, पण संपलेलं नाही. वर्गातल्या मित्राला "मामा" म्हणावं लागतं याची मुलांना मजाच वाटते. एक पथ्य पाळा. दोघांचे गुण शेजारी ठेवून बोलू नका. मामाला कमी मार्क पडले तर घरातलं नातंच उलटं झाल्यासारखं त्याला वाटतं.

शेंडेफळ लाडाने बिघडतं, हे खरं का?

मी स्वतः शेंडेफळ आहे. थोरला भाऊ माझ्याहून बराच मोठा, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

लाड होतात, हे खरं. पण बाहेरच्यांना लाड दिसतो आणि त्याखालचं दुसरं काही दिसत नाही. एकाच घरातल्या भावंडांना एकच आई-वडील मिळत नाहीत. थोरल्याला मिळालेले वडील पंचविशीतले होते. कर्जाचा हप्ता, विहिरीचं काम, भाऊबंदकी या सगळ्यात पिचलेले, हाताने कडक आणि तोंडाने तिखट. धाकट्याला तेच वडील पन्नाशीजवळचे मिळतात. विहिरीला पाणी लागलेलं असतं, ऊस उभा असतो आणि मुलाला मारून काही साधत नाही हेही कळलेलं असतं. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा थोरला सांगतो, "आण्णांसमोर आमची मान वर करायची हिंमत नव्हती," आणि धाकटीला ते ऐकून नवल वाटतं, कारण तिने आण्णांच्या पाठीवर बसून घोडा घोडा केलेलं असतं. दोघंही खरंच बोलत असतात. हे भावंडांनी एकमेकांचं ऐकून घेतलं तर पुढचे पुष्कळ रुसवे टळतात. थोरल्याने तर हे धाकट्याला जरूर सांगावं. थोरल्याच्या वाट्याला आलेला कडकपणा घरात कुणीतरी मान्य करायला हवा असतो.

शेंडेफळाच्या वाट्याला दुसरी एक गोष्टही येते. त्याला आई-वडिलांचा सहवास कमी वर्षं मिळतो. थोरल्याला जे पन्नास वर्षं मिळतं ते धाकट्याला तीस-पस्तीस वर्षंच. ती उणीव थोरली भावंडं काही प्रमाणात भरून काढतात. यशवंतराव चव्हाण १९१३ मध्ये देवराष्ट्र्यात जन्मले. वडील त्यांच्या लहानपणीच गेले आणि आई विठाईंनी, थोरल्या भावांच्या आधाराने, घर उभं ठेवलं. आपल्या भागात थोरल्या भावाला आणि वहिनीला जो मान आहे त्याच्यामागे अशी हजारो घरं आहेत.

मी ४० व्या वर्षी पुन्हा आई होणार आहे. माझी १४ वर्षांची मुलगी माझ्याशी बोलत नाही.

या वयात मुलीला शरीराबद्दल, स्त्री-पुरुष संबंधांबद्दल नुकतंच समजू लागलेलं असतं. आईचं पोट दिसू लागलं की मैत्रिणी काय म्हणतील याने ती गारठून जाते. तिला आत्ताच सांगा की बाळ सांभाळायची जबाबदारी तिची नाही, तिची दहावी तिचीच राहील. आणि तो शब्द पाळा. कारण बाळंतपण झालं की घरातली थोरली मुलगीच झोळीची दोरी ओढत बसते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

उशिरा झालेल्या मुलाला आजी-आजोबा मिळत नाहीत. त्याचं काय करायचं?

साधा हिशेब करू. आजी विसाव्या वर्षी आई झाली आणि तिची लेकही विसाव्या वर्षी, तर नातू जन्मतो तेव्हा आजी ४० ची. तेच दोघी पस्तिसाव्या वर्षी आई झाल्या तर आजी ७० ची, आणि नातू दहावीला बसेपर्यंत ८५ ची. ज्या मुलांना आजी मिळाली त्यांना गोष्टी, म्हणी, ओव्या आणि गावातली नाती आपसूक मिळतात. ज्यांना मिळाली नाही त्यांना ते मुद्दाम द्यावं लागतं.

चुलत आजी, वडिलांची मावशी, गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी, कुणी ना कुणी असतंच. सुट्टीत मुलाला चार दिवस गावी ठेवा. यात्रेला न्या, मग ती औंधच्या यमाईची असो नाहीतर पालीच्या खंडोबाची. तिथे मुलाला चार पिढ्या एका पंगतीत जेवताना दिसतात. फक्त आई, बाप आणि आपण एवढंच जग पाहिलेल्या मुलाला त्या पंगतीत फार मोठा आधार वाटतो.

वडील तरुण आहेत, पण घरीच नसतात. मग वयाचा काय उपयोग?

बरोबर आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. माण, खटाव, पाटणच्या माणसांनी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत आयुष्यं काढली. अपशिंग्यासारख्या गावांत घराघरातून फौजेत माणसं गेली. या घरांतल्या मुलांना तरुण बाप सुट्टीपुरता भेटतो. छोटं बाळ त्याला बघून आईच्या मागे लपतं, ओळख पटेपर्यंत सुट्टी संपलेली असते.

फौजी घरांत मात्र पुढे उलटं घडतं. जवान चाळिशीच्या आत निवृत्त होऊन घरी येतो तेव्हा मुलं सातवी-आठवीत असतात. पेन्शन सुरू असते, माणूस धडधाकट असतो आणि दिवसभर घरात असतो. इतकी वर्षं आईच्या शिस्तीत चाललेल्या घराला हा नवा कारभारी पचायला वेळ लागतो. अशा वडिलांना मी सांगते, पहिलं वर्षभर मुलांना काही शिकवू नका. त्यांच्याबरोबर रानात जा, क्रिकेट खेळा, आईच्या नियमांना हात लावू नका. ओळख झाली की शिस्त आपोआप येते.

पैशांचं नियोजन कसं करावं?

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय बहुतेक पदांना ५८ आहे. चाळिसाव्या वर्षी मूल झालं तर ते बारावीत असताना पगार थांबतो, म्हणजे नेमका कॉलेजच्या खर्चाला आरंभ होताना. शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बँक सहकर्जदाराचं वय आणि मिळकत बघते. म्हणून उशिरा पालक झालेल्यांनी पहिल्या वाढदिवसाचा मोठा खर्च टाळून ते पैसे बाजूला टाकावेत. पीपीएफची मुदत १५ वर्षांची असते. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं ती १० वर्षांची होईपर्यंत उघडता येतं, त्यात १५ वर्षं पैसे भरायचे असतात आणि ते उघडल्यापासून २१ वर्षांनी पिकतं. तुम्ही त्या वेळी किती वर्षांचे असाल, याची बेरीज आधी करा. मुदतीचा आयुर्विमा घ्या आणि मुलाचा पालक म्हणून पुढे कोण उभं राहील हे त्या माणसाला विचारून लिहून ठेवा.

लवकर पालक झालेल्यांची अडचण उलटी असते. पंचविशीत हातात पैसा नसतो, पण पुढे कमावायला तीस वर्षं असतात. त्यांनी घाईने कर्ज काढून मुलाला महागड्या शाळेत घालायची गरज नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल काही सांगाल?

सांगितलंच पाहिजे, कारण आपले साखर कारखाने त्यांच्या श्रमांवर चालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जोडी असली तरच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, म्हणून मुलींची लग्नं फार लवकर उरकली जातात. गळीत हंगामात मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांत विशी-बाविशीतल्या, दोन मुलांच्या आया दिसतात. पहाटे चारला फडात जायचं असतं, तेव्हा चार वर्षांची बहीण एक वर्षाच्या भावाला सांभाळते. अशी मुलं हंगामापुरती आमच्या वर्गात येतात. त्यांना घर, स्वयंपाक आणि भावंडं सांभाळता येतात, पण खेळायला बसवलं की काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर त्या मुलांना जवळच्या अंगणवाडीत आणि शाळेत पोचवा. कागदपत्रं नसली तरी शाळेने प्रवेश द्यायचा असतो.

दोन मुलांत अंतर किती असावं?

एक बाळंतपण झाल्यावर पुढचा गर्भ राहायच्या आधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पस्तिशी गाठलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

उपचाराने मूल किंवा दत्तक, यांना वयाची मर्यादा आहे का?

आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठी स्त्रीचं वय ५० च्या आणि पुरुषाचं ५५ च्या आत हवं. दत्तकासाठी २०२२ च्या नियमांप्रमाणे दोघांच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर बेरीज ८५ पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढच्या मुलासाठी ११०. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. नात्यातलं मूल घेताना वयाची ही मर्यादा लागू होत नाही.

पन्नाशीजवळच्या जोडप्यांना मी सांगते, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा विचार करा. संस्थांमध्ये ही मुलंच जास्त वर्षं वाट बघत राहतात. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे माहेर असलेल्या सावित्रीबाईंनी आणि त्यांचे पती जोतीराव फुले यांनी १८७४ च्या सुमारास यशवंतला दत्तक घेतलं तेव्हा दोघांनीही चाळिशी ओलांडली होती. यशवंत डॉक्टर झाले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईच्या बरोबरीने रुग्णांची सेवा करत होते.

वस्तीवरच्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. कुणाला सांगू? आणि लग्न होऊन ती गरोदर असेल तर?

१०९८ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास आणि मोफत आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांनाही कळवा. अंगणवाडी सेविकेला सांगितलं तरी चालतं. लग्नाच्या दिवसाची वाट बघू नका. सुपारी फुटायच्या आत कळलं तर घरच्यांना समजावता येतं.

मुलगी आधीच गरोदर असेल तर तिला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवणं डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि या भीतीने काही घरं बाळंतपण घरीच उरकतात. तसं मुळीच करू नका. कोवळ्या वयातलं बाळंतपण अडलं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. आशाताईंना सोबत घ्या, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि मुलीचं नाव शाळेच्या पटावरून काढू देऊ नका. बाळंतपणानंतर तिला दहावीला बसता येतं. बाहेरून बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्याची चौकशी शाळेत करा.